परदेशी एम.एस.-पीएच.डी.साठी शिफारसपत्रं: सरांना विचारण्यापासून पत्र पोर्टलवर पोहोचेपर्यंत

दिवाळीची सुट्टी संपली की सांगली-साताऱ्याकडच्या कॉलेजांत स्टाफरूमबाहेर मुलं-मुली उभी दिसतात. हातात टाइप केलेली तीन पत्रं असतात आणि तोंडात एकच वाक्य: “सर, फक्त सही हवी होती.” बहुतेक ठिकाणी ही सही उपयोगाची नसते. अमेरिका-कॅनडातल्या बहुसंख्य विद्यापीठांत शिफारसपत्र विद्यार्थ्याच्या हातून जातच नाही. तुम्ही अर्जात सरांचं नाव आणि ईमेल भरता, विद्यापीठ सरांना थेट लिंक पाठवतं आणि सर तिथं पत्र चढवतात. ही साखळी नीट समजली नाही तर चांगल्या मार्कांचा, चांगल्या प्रोजेक्टचा अर्जही अपुरा राहतो.

पुढचे टप्पे याच क्रमाने करा. क्रम उलटला, म्हणजे आधी पोर्टलवर नाव टाकलं आणि मग सरांना विचारलं, की पुढचं सगळं बिघडतं.

## टप्पा १ : किती पत्रं आणि कुठल्या प्रकारची, हे आधी मोजा

कुणाला विचारायचं याचा विचार करण्याआधी विद्यापीठांची यादी पक्की करा. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावर जाऊन चार गोष्टी वहीत लिहा: पत्रं किती, ती फक्त प्राध्यापकांचीच हवीत की नोकरीतल्या वरिष्ठांचं चालेल, पत्र कोण चढवणार, आणि अंतिम तारीख.

अमेरिकेत एम.एस. आणि पीएच.डी.साठी साधारण तीन पत्रं मागतात. ब्रिटनमध्ये बऱ्याचदा दोन लागतात आणि काही ठिकाणी लेटरहेडवरची सही केलेली पीडीएफ विद्यार्थ्यालाच जोडता येते. जर्मनीतल्या अनेक मास्टर्स अर्जांत पत्र लागतच नाही. लागलंच तर बहुधा तुम्हीच जोडायचं असतं. म्हणजे मिश्र यादी असेल तर त्याच सरांकडून दोन प्रकारे पत्र हवं असतं: काही ठिकाणी त्यांनी थेट चढवायचं, काही ठिकाणी तुमच्या हातात द्यायचं. हे त्यांना सुरुवातीलाच सांगायला हवं. काही प्राध्यापक पत्र विद्यार्थ्याच्या हातात देत नाहीत आणि तो त्यांचा हक्क आहे.

आता गुणाकार करा. आठ विद्यापीठं आणि प्रत्येकी तीन पत्रं म्हणजे चोवीस वेळा चढवणं. एकेका सरांच्या वाट्याला आठ लिंक येतात. पत्र एकच असलं तरी प्रत्येक लिंक उघडायची, फॉर्म भरायचा, फाइल जोडायची, असं प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं. म्हणून यादी सहा ते आठवर थांबवा. चौदा विद्यापीठांची यादी घेऊन गेलात की सर शेवटच्या चार लिंक विसरतात, आणि त्याचा दोष त्यांना देता येत नाही.

तपासा: “किमान दोन शैक्षणिक” असं कुठं लिहिलंय का? नोकरी करणाऱ्यांनी ही ओळ खास शोधावी. पदवी होऊन तीन-चार वर्षं झाली असतील तर दोन प्राध्यापक आणि एक कामावरचे वरिष्ठ ही जोडणी एम.एस.ला बहुधा चालते. पीएच.डी.ला मात्र तिन्ही पत्रं तुमचं संशोधनाचं काम बघितलेल्यांची असतील तेवढं बरं.

## टप्पा २ : पद बघू नका, तुमचं काम कुणी बघितलं ते बघा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथं होते. प्राचार्य, डीन, एचओडी यांची सही वजनदार म्हणून मुलं त्यांच्याकडे जातात. पण ज्यांनी तुम्हाला एकही विषय शिकवला नाही, ज्यांच्यासमोर तुम्ही एकदाही व्हायवा दिला नाही, ते काय लिहिणार? “हा विद्यार्थी प्रामाणिक, मेहनती आणि वक्तशीर आहे.” प्रवेश समितीसमोर अशी पत्रं ढिगाने येतात आणि त्यातून काहीच कळत नाही.

समितीला जे हवं असतं ते तुमच्या गुणपत्रिकेत नाही. अडलं तेव्हा तुम्ही काय केलंत, प्रश्न स्वतः शोधलात की दिलेला सोडवलात, चूक सापडल्यावर लपवलीत की मांडलीत, वर्गातल्या इतरांच्या तुलनेत कुठं होतात. हे ज्यांना ठाऊक आहे, ते तुमचे पत्रदाते. पसंतीचा क्रम साधारण असा ठेवा:

- शेवटच्या वर्षीच्या प्रोजेक्टचे किंवा एम.एस्सी.च्या प्रबंधाचे मार्गदर्शक. यांचं पत्र जवळपास अनिवार्य. प्रोजेक्ट आहे आणि गाइडचं पत्र नाही, हे समितीच्या लगेच डोळ्यांत येतं.
- ज्या विषयात पुढं जायचं आहे तो विषय शिकवलेले, आणि प्रॅक्टिकलला तुम्हाला जवळून बघितलेले प्राध्यापक.
- इंटर्नशिपमधले किंवा दुसऱ्या संस्थेतले मार्गदर्शक, काम किमान सहा-आठ आठवड्यांचं असेल तर. दोन दिवसांच्या वर्कशॉपच्या वक्त्याचं पत्र नको.

आपल्याकडची एक अडचण इथंच सांगायला हवी. अनेक महाविद्यालयांत प्रोजेक्ट गाइड सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) किंवा कंत्राटी असतात. वर्ष संपलं की ते दुसऱ्या कॉलेजात जातात आणि जुना कॉलेजचा ईमेल बंद होतो. अशा सरांचं पत्र टाळायचं कारण नाही. तुमचं काम त्यांनीच बघितलं आहे. फक्त ते आता कुठं आहेत, कुठला ईमेल चालू आहे आणि लेटरहेड कुठलं मिळेल, हे आधी विचारा. आज ज्या संस्थेत आहेत तिथलं लेटरहेड चालतं; तुम्हाला कुठं आणि कधी शिकवलं, हे पत्राच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवं, एवढंच.

तीन जण ठरले की कामाची वाटणी मनाशी करा. तिघांनीही तुमचा तोच प्रोजेक्ट वर्णन केला तर तीन पत्रांची किंमत एकाची होते. एकांकडे प्रोजेक्ट, दुसऱ्यांकडे गणिताची किंवा मूळ विषयाची समज, तिसऱ्यांकडे स्वतंत्रपणे केलेलं काम किंवा ज्युनिअरना शिकवणं, अशी वाटणी चांगली. ही वाटणी सरांवर लादायची नसते. प्रत्येकाला जी माहिती द्याल तिच्यातून ती आपोआप होते.

## टप्पा ३ : दिनदर्शिका उलटी मोजा

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी पीएच.डी.च्या बऱ्याच तारखा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतात, एम.एस.च्या डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पसरतात. पत्र लिहायला प्राध्यापकाला किमान चार, शक्यतो सहा आठवडे मिळायला हवेत. इथवर कुणीही सांगेल. आता आपल्याकडचं कॅलेंडर त्यावर ठेवा: ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीची सुट्टी, आणि तिच्या मागेपुढे हिवाळी परीक्षा. परीक्षेच्या दिवसांत सर पर्यवेक्षणावर असतात, नंतर पेपर तपासणीला कॅपवर (उत्तरपत्रिका तपासायच्या केंद्रावर). त्यात कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅक किंवा एनबीएची कमिटी येणार असेल तर महिनाभर कुणाला मान वर करायला फुरसत नसते.

म्हणून विचारायची योग्य वेळ ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबर. फाइल सप्टेंबरअखेर द्या. पत्र दिवाळीच्या सुट्टीआधी लिहून झालेलं असावं, लिंक आल्यावर फक्त चढवायचं राहावं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विचारलेलं पत्र मिळतं, पण ते घाईचं मिळतं.

वेळेचा फरकही आताच मांडून ठेवा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची १ डिसेंबरची रात्री ११.५९ म्हणजे आपल्याकडे २ डिसेंबरची सकाळी १०.२९. पश्चिम किनाऱ्याची तीच वेळ आपल्याकडे २ डिसेंबर दुपारी १.२९. हा फरक तुमच्या सोयीचा दिसतो, पण त्यावर बेत आखू नका. काही पोर्टल संध्याकाळी पाचलाच बंद होतात. सरांना दिलेल्या तक्त्यात आपल्या वेळेप्रमाणे तारीख लिहा.

सावध: सरांना खोटी तारीख सांगू नका. दोन रकाने करा: “विद्यापीठाची तारीख” आणि “माझी विनंती”, जी दहा दिवस आधीची. खोटी तारीख पोर्टलच्या ईमेलमध्ये उघडी पडते आणि मग पुढच्या प्रत्येक आठवणीकडे दुर्लक्ष होतं.

## टप्पा ४ : फाइल तयार करा, मगच भेटायला जा

या टप्प्यावर जेवढा वेळ घालवाल तेवढं पत्र चांगलं येईल. पाच-सहाशे विद्यार्थी हाताखालून गेलेल्या सरांना तुम्ही आठवता, तुमचं काम आठवत नाही. ते आठवून देणं तुमची जबाबदारी.

फाइलमध्ये लागतात: विद्यापीठांचा तक्ता (नाव, अभ्यासक्रम, विभाग, दोन्ही तारखा, पत्र कसं द्यायचं), एका पानाचा रेझ्युमे, एसओपीचा (अर्जासोबतच्या हेतू सांगणाऱ्या निबंधाचा) कच्चा का होईना मसुदा, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका (सरांच्या विषयावर पेन्सिलीने खूण), प्रोजेक्ट रिपोर्ट, आणि या सगळ्यांहून महत्त्वाचं असं आठवण-टिपण. हे टिपण प्रत्येक सरांसाठी वेगळं हवं. एक पान, जास्तीत जास्त दीड.

टिपणात विशेषणं नकोत. “मी खूप मेहनत घेतली” हे वाक्य सरांच्या काही उपयोगाचं नाही. कुठल्या महिन्यात, काय केलं, काय बिघडलं, काय बदललं, आकडा काय आला, हे हवं. उदाहरणादाखल, समजा तासगावच्या बेदाणा शेडमधल्या आर्द्रतेवर मेकॅनिकलचा प्रोजेक्ट होता. टिपण असं लिहिता येईल:

> “फेब्रुवारीत शेडमध्ये आठ सेन्सर बसवले. पहिल्या लॉटला रीडिंग फार कमी येत होतं. तुम्ही तिसऱ्या रिव्ह्यूला विचारलं की सेन्सर कुठं आहेत. ते वाऱ्याच्या थेट झोतात होते. मी चार सेन्सर जाळ्यांच्या मधल्या थरात हलवले, पुढच्या लॉटला बारा दिवस पुन्हा मोजलं आणि पहिल्या लॉटचा डेटा रिपोर्टमधून न काढता ‘मांडणीतली चूक’ म्हणून वेगळा दाखवला.”

यात सरांना लिहायला खरंखुरं काही मिळतं. विद्यार्थी चूक लपवत नाही, प्रश्न ऐकून प्रयोग बदलतो, पुन्हा मोजतो, हे ते स्वतःच्या शब्दांत सांगू शकतात. साताऱ्याच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीने कास पठारावर क्वाड्राट (मोजणीसाठीची ठरावीक मापाची चौकट) टाकून फुलांची नोंद केली असेल, तर किती क्वाड्राट, किती आठवडे, पावसात कुठल्या आठवड्याची नोंद चुकली आणि ती कशी भरून काढली किंवा का सोडून दिली, हे लिहावं. “कासवर प्रोजेक्ट केला” एवढं पुरत नाही.

टिपणाच्या शेवटी तीन ओळी अशा लिहा: “माझ्याबद्दल तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही असं मला वाटतं ते: …” इथं टप्पा दोनमधली वाटणी काम करते. आणि जे कमी पडलं असेल तेही लिहा. तिसऱ्या सत्रात एखादा विषय राहिला असेल आणि त्यामागे घरातलं आजारपण किंवा २०१९चा पूर असेल, तर दोन वाक्यांत स्पष्ट सांगा. सरांच्या पत्रातून आलेलं कारण तुमच्या एसओपीतल्या कारणापेक्षा जास्त विश्वासार्ह ठरतं. मात्र ते लिहायचं की नाही, हे त्यांच्यावर सोडा.

तपासा: फाइल एकाच पीडीएफमध्ये आणि छापील, अशा दोन्ही रूपांत आहे का? बरेच सर कागद वाचतात आणि ईमेलवरून तारीख शोधतात. दोन्ही लागतं.

## टप्पा ५ : विचारणं

व्हॉट्सअॅपवर “सर एलओआर (म्हणजे शिफारसपत्र) पाहिजे होता” असा संदेश टाकून गप्प बसू नका. संदेश फक्त भेटीची वेळ मागायला वापरा; विचारायचं समोरासमोर. तुम्ही पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरीला असाल तर फोनवर.

> “नमस्कार सर. मी मेकॅनिकलची, २०२५च्या बॅचची विद्यार्थिनी. तिसऱ्या वर्षी तुमच्याकडे हीट ट्रान्सफर होता आणि बेदाणा शेडचा प्रोजेक्ट तुमच्याच मार्गदर्शनाखाली केला. पुढच्या वर्षीच्या एम.एस.साठी सहा विद्यापीठांत अर्ज करते आहे. शिफारसपत्राबद्दल तुमच्याशी बोलायचं होतं. गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी कॉलेजला आले तर चालेल का? दहा-पंधरा मिनिटं लागतील.”

बॅच, विषय, प्रोजेक्ट हे तिन्ही पहिल्या दोन ओळींत आलंच पाहिजे. नुसत्या नावावरून ओळख पटत नाही. एका वर्गात एकाच आडनावाचे पाच-पाच पाटील असतात.

भेटीत सरांना नकार द्यायला वाट ठेवा. आपल्याकडे शिक्षक विद्यार्थ्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत, मग नाइलाजाने दोन परिच्छेदांचं गुळमुळीत पत्र देतात. असं पत्र नसलेलंच बरं. म्हणून असं विचारा: “सर, माझं काम तुम्हाला सविस्तर लिहिण्याइतकं आठवतंय का? या दोन महिन्यांत वेळ नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसऱ्या सरांना विचारेन.” उत्तर “हो, दे, कधी पाहिजे?” असं आलं तर ठीक. “बघू”, “नंतर ये”, “अमक्या सरांना विचारलंस का?” असं आलं तर तो नकार समजा. आभार मानून निघा आणि त्याच आठवड्यात पुढच्या नावाकडे जा. यात कुणाचा अपमान नाही.

होकार मिळाला की तिथंच चार गोष्टी विचारून लिहून घ्या: नावाचं इंग्रजी स्पेलिंग, सध्याचं पद, कॉलेजचा अधिकृत ईमेल आणि तो रोज उघडला जातो का. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. बऱ्याच विद्यापीठांना संस्थेच्या डोमेनवरचा ईमेल लागतो. जीमेल दिला तर काही ठिकाणी शंका येते, काही ठिकाणी पडताळणीचा फोन येतो. पण आपल्याकडे अनेकांचा अधिकृत इनबॉक्स महिनोन्महिने उघडलेला नसतो, पासवर्डही कॉम्प्युटर सेंटरमधून नव्याने घ्यावा लागतो. हे काम सप्टेंबरमध्येच उरकून घ्यायला सांगा. तोच ईमेल त्यांच्या मोबाइलवर जोडला गेला तर अर्धी चिंता मिटली.

## टप्पा ६ : “ड्राफ्ट तूच लिहून आण” असं म्हटलं तर

असं म्हणणारे सर वाईट नसतात. त्यांना वेळ नसतो, किंवा इंग्रजीत दीड पान लिहायचा कंटाळा असतो. पण तुम्ही लिहिलेलं पत्र तुमचंच नुकसान करतं. तीनही पत्रांत आणि एसओपीत तीच वाक्यरचना, तेच आवडते शब्द दिसतात. तुमच्या लॅपटॉपवर केलेल्या पीडीएफच्या माहितीत लेखक म्हणून तुमचं नाव राहून जातं. तुमच्याच कॉम्प्युटरवरून तिन्ही पत्रं चढवली तर ती एकाच ठिकाणाहून आल्याचंही शोधता येतं. आणि काही अर्जांत पत्र आपण स्वतः लिहिल्याची कबुली सरांकडून घेतली जाते; खोट्या कबुलीवर तुम्ही त्यांची सही घेत असता.

मग करायचं काय? पहिला उपाय: “सर, ड्राफ्ट नाही पण मुद्दे लिहून आणलेत,” असं म्हणून टप्पा चारचं टिपण पुढं करा. अनेकदा एवढंच पुरतं, कारण सरांची खरी अडचण आठवण्याची असते. दुसरा: वीस मिनिटं मागा, सरांनी मराठीत बोलावं, ते त्यांनीच फोनवर रेकॉर्ड करावं आणि नंतर त्यांच्या शब्दांत इंग्रजीत उतरवावं. मराठीत बोलताना माणूस नेमकं बोलतो, “पोरगी हट्टी आहे, उत्तर मिळेपर्यंत सोडत नाही” असं सहज निघतं आणि तेच पत्रात मोलाचं असतं. तरीही सर ड्राफ्टवर अडून बसले तर फक्त वस्तुस्थितीचे परिच्छेद द्या: केव्हापासून ओळखतात, कुठला विषय, प्रोजेक्टमध्ये काय घडलं. मूल्यमापनाची आणि तुलनेची जागा कोरी ठेवा. ती त्यांनी, त्यांच्या मशीनवर, स्वतः भरायची.

चॅटबॉटकडून पत्र करून घेण्याबद्दलही तेच. भाषा गुळगुळीत होते आणि त्यातून तुम्ही गायब होता.

सावध: सरांच्या नावाने नवा जीमेल काढून स्वतःच पत्र चढवणं ही फसवणूक आहे. काही कन्सल्टन्सीवाले “आमच्याकडे सगळं तयार असतं” म्हणतात तेव्हा बऱ्याचदा हेच करतात. उघड झालं तर अर्ज बाद होतो, मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो, आणि तुमच्या मागून येणाऱ्या मुलांच्या अर्जांकडे त्या कॉलेजचं नाव बघून संशयाने पाहिलं जातं.

## टप्पा ७ : पत्राचा कागद

पत्र एक ते दीड पानाचं असावं. कॉलेजच्या सध्याच्या लेटरहेडवर, तारीख, सही, पद आणि संपर्क यांसह. “सध्याच्या” यावर जोर आहे, कारण आपल्या भागात संस्थांची ओळख बदलली आहे. साताऱ्यातली काही महाविद्यालयं पूर्वी शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती, आज ती कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाची घटक आहेत. तुमच्या पदवीवर एक नाव आणि लेटरहेडवर दुसरं दिसत असेल तर पत्रात एका वाक्यात खुलासा हवा.

काही कॉलेजांत लेटरहेड ऑफिसमधून मिळतं आणि जावक नोंद करावी लागते. लिपिकांना दोन दिवस आधी सांगा. गोल शिक्का असला तर बिघडत नाही, पण पोर्टलला तो लागत नाही. शिक्क्यासाठी पत्र आठवडाभर अडकवून ठेवू नका. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असा हवा, मोबाइलवर तिरका काढलेला फोटो नको. फाइल दोन एमबीच्या आत ठेवली तर बहुतेक पोर्टल घेतात.

पत्र तुम्हाला बघायला मिळणार नाही असं गृहीत धरा. म्हणून नेहमीच्या तीन चुका सरांना आधीच, आदराने सांगून ठेवा. जुनं पत्र समोर ठेवून लिहिताना मुलीच्या पत्रात इंग्रजी “he”ऐवजी “she” करायचं कुठंतरी राहून जातं. एका विद्यापीठाचं नाव दुसऱ्याच्या पत्रात राहतं. त्यापेक्षा नाव न घालता “प्रवेश समितीस” असं लिहिणं सुरक्षित. आणि गुणपत्रिकेतले मार्क पुन्हा मोजण्यात अर्धं पान जातं. मार्कांपेक्षा “साठ जणांच्या वर्गात पहिल्या तिघांत” ही तुलना जास्त सांगते, जर ती खरी असेल.

## टप्पा ८ : पोर्टल, आता कुठं

इथवर आल्यावरच अर्जात सरांचं नाव टाका. त्याआधी सरांना सांगा: “आज संध्याकाळी सहा ईमेल येतील, स्पॅमही बघा.”

नाव भरताना एक प्रश्न येतो: हे पत्र पुढे पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? अमेरिकेच्या १९७४च्या फर्पा कायद्याने तिथं शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या नोंदी बघण्याचा हक्क आहे; हा प्रश्न त्यासंबंधी आहे. सक्ती नाही, पण “हक्क सोडतो” निवडा. विद्यार्थी वाचणार नाही हे माहीत असलेल्या पत्रावर समिती जास्त विश्वास ठेवते आणि सरही मोकळेपणाने लिहितात. एकदा निवडलं की बहुतेक पोर्टलवर बदलता येत नाही, त्यामुळे बटण दाबण्याआधी थांबून वाचा.

दुसरी गोष्ट फार जण चुकतात. काही पोर्टल नाव सेव्ह करताच लिंक पाठवतात. काही मात्र तुम्ही अर्ज पूर्ण सबमिट करून फी भरल्यावरच पाठवतात. दुसऱ्या प्रकारात तुम्ही शेवटच्या रात्री अर्ज केलात तर सरांना लिंकच शेवटच्या रात्री मिळते. प्रत्येक पोर्टलच्या सूचनांत ही ओळ शोधा आणि तशा अर्जांना प्राधान्य देऊन तीन आठवडे आधी सबमिट करा.

लिंक उघडल्यावर सरांना फक्त फाइल जोडायची नसते. बऱ्याच ठिकाणी तक्ता येतो: बौद्धिक क्षमता, लेखन, प्रयोगकौशल्य, स्वतंत्र विचार, आणि प्रत्येकापुढे वरचे २ टक्के, ५, १०, २५ असे पर्याय. हे येणार आहे एवढंच आधी सांगा. काय टिक करायचं ते सांगू नका. सगळीकडे सर्वोच्च खूण आणि पत्रात मात्र काहीच नाही, ही विसंगती समितीला लगेच दिसते.

तपासा: अर्जात टाइप केलेला सरांचा ईमेल पत्ता अक्षर न् अक्षर पुन्हा वाचा. एक टिंब चुकलं तर लिंक दुसऱ्याच कुणाला जाते किंवा कुठंच जात नाही, आणि पोर्टलवर तुम्हाला “पाठवलं” असंच दिसत राहतं.

## टप्पा ९ : आठवण करून देणं

तुमच्या विनंतीच्या तारखेला एक संदेश, पाच दिवसांनी दुसरा, विद्यापीठाच्या तारखेच्या तीन दिवस आधी फोन. यापेक्षा जास्त नको. प्रत्येक आठवणीत नेमकं काय बाकी आहे ते लिहा: “सर, सहापैकी चार झाली, खूप आभार. दोन राहिलीत, विषयाची ओळ अशी आहे, तारीख ही आहे.” नुसतं “सर, एलओआर?” पाठवलं तर सरांना पुन्हा सगळं शोधावं लागतं. लिंक सापडत नसेल तर पोर्टलवरून पुन्हा पाठवायची सोय असते. ती वापरून मग कळवा.

तारीख टळली आणि पत्र आलं नाही, तर लगेच हताश होऊ नका. अर्ज तुमच्या बाजूने वेळेत सबमिट झालेला असेल तर काही विभाग उशिरा आलेलं पत्र काही दिवस घेतात. विभागाच्या प्रवेश कार्यालयाला दोन ओळींचा ईमेल करा, कोणाचं पत्र बाकी आहे आणि कधीपर्यंत येईल ते सांगा. सरांना दोष देणारी ओळ त्यात नको. एखादे सर खरोखरच अडकले असतील, आजारी असतील, तर चौथं नाव तयार असणं कामाला येतं. म्हणून सप्टेंबरमध्येच चौथ्या सरांना “गरज पडली तर” म्हणून विचारून, फाइल देऊन ठेवा.

## टप्पा १० : पत्र गेल्यानंतर

सगळी पत्रं पोहोचली की त्याच आठवड्यात आभाराचा साधा संदेश. पत्राआधी भेटवस्तू नेऊ नका. घेणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होतं. निकाल मार्च-एप्रिलपर्यंत येत राहतात. आर्थिक मदतीसह आलेल्या ऑफरवर उत्तर द्यायची मुदत अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत १५ एप्रिल असते, तोवर चित्र स्पष्ट होतं. कुठं मिळालं, कुठं नाही, कुठं जायचं ठरलं, हे तिघांनाही कळवा, नकार आलेलीही नावं सांगा. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायची वेळ आली तर याच सरांकडे जायचं आहे, आणि तेव्हा त्यांच्याकडचं पत्र फक्त नवी तारीख आणि वर्षभरातलं नवं काम घालून तयार होतं. म्हणून त्यांना ती वर्ड फाइल जपून ठेवायला सांगा. प्रवेश पक्का झाला की मात्र कंदी पेढे घेऊन जा.